हजेरीपटावरचे नाव, यंत्रातले नाव

खरवईत शिक्षकाचे घर म्हटले की शेजारपाजारचे लोक काही ना काही घेऊन येतातच. पूर्वी ते पत्र वाचून घ्यायला येत, रेशनकार्डाचा अर्ज लिहून घ्यायला येत. हल्ली मोबाईल घेऊन येतात. इंग्रजीत आलेला मेसेज पुढे करतात आणि विचारतात, "सर, देखो ना, ये क्या लिखा है?" आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. संगणकाचे कोणतेही रीतसर शिक्षण आमच्याकडे नाही. पण गेल्या काही वर्षांत रविवारच्या सकाळी आमच्या ओट्यावर जे कागद आणि जे मेसेज आले, त्यांतून एक गोष्ट आम्हाला नीट कळली. माणसाला कामावर ठेवणे, त्याची हजेरी घेणे, रजा मांडणे, पगार काढणे, निवृत्तीनंतर पेन्शन देणे ही सगळी कामे आता एकमेकांना जोडलेली यंत्रे करू लागली आहेत. आणि या यंत्रांशी सगळ्यात आधी गाठ पडते ती अंगठ्याची, मग चेहऱ्याची आणि शेवटी नावाची. आपल्या घरांत तिसरी गाठ सर्वांत अवघड असते.

वाचकांना आमच्या भागाची कल्पना यावी म्हणून थोडे सांगतो. खरवई बदलापूर पूर्वेला येते. एका अंगाला इमारती, दुसऱ्या अंगाला एमआयडीसी. रसायनांचे, रंगांचे, औषधांच्या कच्च्या मालाचे छोटे-मोठे कारखाने. अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत जाणारे, उल्हासनगरात जीन्स शिवणारे, भिवंडीच्या गोदामांत माल चढवणारे असे सगळे आमच्या गल्लीत आहेत. यांतले फार थोडे कारखान्याचे कायम कामगार. बाकीचे ठेकेदाराचे.

आमचे अब्बा अंबरनाथच्या एका कारखान्यात होते. त्यांच्या काळी टाइम ऑफिस असे. गेटवर खिळ्यांची एक मोठी फळी, तिच्यावर पितळी बिल्ले टांगलेले. आपल्या नंबरचा बिल्ला काढायचा, डब्यात टाकायचा, आत जायचे. भोंगा वाजला की डबा बंद. पुढे कार्ड पंचाचे घड्याळ आले. अब्बा सांगतात, टाइम ऑफिसचा बाबू प्रत्येकाला नावानिशी ओळखायचा. गाडी रुळावरून घसरली तर त्याला आधीच ठाऊक असायचे, आणि दहा मिनिटांचा उशीर तो पोटात घालायचा. त्याच बाबूने एखाद्याशी वाकडे धरले, तर वेळेवर आलेल्याचाही अर्धा दिवस कापला जायचा, हेही अब्बाच सांगतात. जुने ते सगळे चांगले होते असे आमच्या घरात कोणी म्हणत नाही.

आता त्या फळीच्या जागी भिंतीवर हाताएवढे एक यंत्र असते. अंगठा ठेवला की ते अंगठ्याचे चित्र साठवत नाही. रेषा कुठे तुटतात, कुठे दुभंगतात, त्या खुणांचे गणित करून ठेवते आणि दुसऱ्या दिवशीच्या अंगठ्याशी ताडून पाहते. चेहऱ्याचेही तसेच. ही नोंद तारेने किंवा सिमकार्डावरून दूरच्या सर्व्हरवर जाते. तिथे शिफ्टची वेळ भरलेली असते, त्यावरून उशीर मोजला जातो, उशिरावरून पगार ठरतो, पगारावरून पीएफ आणि ईएसआयचे आकडे निघतात, ते त्यांच्या त्यांच्या पोर्टलवर चढतात आणि पैसे बँकेत जमा होतात. ज्या कामाला पूर्वी बाबू, मुकादम, हिशेबनीस आणि शिपाई लागत, ते आता रात्रीत आपोआप होते. ही साखळी नीट चालली तर कामगाराचे भलेच होते. पण एक कडी अडकली की पुढची सगळी अडकतात, आणि कोणाला विचारावे तर उत्तर एकच मिळते: "सिस्टीममध्ये येत नाही."

पहिली कडी अंगठा. रसायनाच्या कारखान्यात हात लावून काम करणाऱ्याच्या बोटांची कातडी सोलवटते. सिमेंटमध्ये काम करणाऱ्याची, भांडी घासणाऱ्या बाईची बोटे गुळगुळीत होतात. वुजू करून ओल्या हाताने अंगठा ठेवला तर यंत्र घेत नाही, आणि ईदनंतरच्या आठवड्यात मुलींच्या बोटांवरची दाट मेंदी आडवी येते. आमच्या शेजारच्या एका चाचांचा अंगठा लागोपाठ तीन दिवस लागला नाही. ते तिन्ही दिवस कामावर होते, सोबतच्या दहा माणसांनी पाहिले होते, डबाही तिथेच खाल्ला होता. महिन्याच्या शेवटी तीन दिवस गैरहजर. त्यांनी आम्हाला विचारले, "मास्टरजी, मैं था के नहीं था?" हा प्रश्न आम्हाला मोठमोठ्या लेखांपेक्षा जास्त काही सांगून गेला. कारखान्याचे नाव आम्ही इथे लिहीत नाही. पुढे त्यांना पैसे मिळाले, पण त्यासाठी सुपरवायझरची सही, ठेकेदाराची सही आणि एक दिवसाची रजा लागली.

अब्बांच्या बाबतीत मात्र उलटे घडले, तेही सांगितले पाहिजे. पेन्शनवाल्यांना दरवर्षी आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. बँकेतली ती रांग, त्या खुर्च्या, ते "उद्या या" आम्ही वर्षानुवर्षे पाहिले. १० नोव्हेंबर २०१४ रोजी केंद्र सरकारने 'जीवन प्रमाण' नावाचा डिजिटल दाखला सुरू केला. पहिली काही वर्षे तोही आम्हाला उपयोगी पडला नाही, कारण चाळीस वर्षे लोखंड हाताळलेल्या अब्बांच्या बोटांना ठसेच उरले नव्हते. नोव्हेंबर २०२१ मध्ये चेहऱ्यावरून दाखला देण्याची सोय झाली. आता नातू मोबाईल धरतो, अब्बा टोपी सरळ करून बसतात, डोळे मिचकावतात आणि दाखला होतो. अम्मी दरवर्षी तेच म्हणतात, "फोटोला तरी हसा जरा." चालता न येणाऱ्या माणसाला घरबसल्या जिवंत ठरवणारे यंत्र आणि कामावर हजर असलेल्याला गैरहजर ठरवणारे यंत्र एकाच जातीचे आहे. फरक आहे तो त्याच्या मागे बसलेल्या माणसाने काय ठरवून ठेवले आहे याचा.

जुम्म्याची गोष्ट याच प्रकारची. मुकादमाच्या काळात एक सरळ समझोता असे. शुक्रवारी मुसलमान कामगार जेवणाची सुट्टी उशिरा घेत, नमाज पढून येत आणि संध्याकाळी तेवढा वेळ भरून देत. कागदावर काही नव्हते, पण कोणाची तक्रारही नव्हती. एका युनिटात नवे हजेरीयंत्र बसले आणि त्यात जेवणाची सुट्टी साडेबारा ते एक अशी भरली गेली. त्यानंतर शुक्रवारी गेटबाहेर जाऊन आलेल्या प्रत्येकाचा अर्धा दिवस कापला जाऊ लागला. मुलांना वाटले, हे मुद्दाम केले. दोन-चार जण तापले. आम्ही त्यांच्याबरोबर जाऊन ऑफिसातल्या बाईंना भेटलो. त्यांना बिचाऱ्यांना हे ठाऊकच नव्हते. यंत्र बसवणाऱ्याने सगळ्या दिवसांना एकच वेळ टाकली होती. बाईंनी फोन लावला, त्या सॉफ्टवेअरमध्ये शुक्रवारची वेगळी शिफ्ट करता येते असे कळले, आणि ज्यांना हवी त्यांच्या नावापुढे ती लावली गेली. पाच मिनिटांचे काम. मात्र ते पाच मिनिटांचे आहे हे कळायला सात शुक्रवार गेले आणि त्या सातांचे अर्धे दिवस परत मिळाले नाहीत.

पॅकिंगमध्ये काम करणाऱ्या आमच्या एका आपांची अडचण आणखी साधी होती. चेहरा दाखवायचे यंत्र पुरुषांच्या गेटवर, रांगेच्या मधोमध. नकाब घेणाऱ्या बायकांना सगळ्यांसमोर तो वर करावा लागे. त्या कामाला नाही म्हणत नव्हत्या, यंत्रालाही नाही म्हणत नव्हत्या. यंत्र बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीबाहेरच्या भिंतीवर लावा, एवढेच मागत होत्या. तसे झाले, आणि हिंदू भगिनींनीही त्याला हात वर केले, कारण रांगेतल्या रेटारेटीचा त्यांनाही त्रास होता.

आता नावाकडे येऊ.

उर्दू शिकवणाऱ्याला हे अधिक चांगले कळते. उर्दूत 'ज़' या एका आवाजासाठी ज़े, ज़ाल, ज़ाद आणि ज़ोय अशी चार अक्षरे आहेत. 'स'साठी तीन. उर्दूत लिहिलेले नाव एकच असते. ते देवनागरीत येताना ज, झ किंवा नुक्त्याचा ज़ होते. इंग्रजीत जाताना झेड होते किंवा जे होते. 'शेख' हा एवढा सोपा शब्द, पण इंग्रजीत तो एस-एचनंतर कधी ए-आय, कधी ई-आय, तर कधी नुसत्या ई-ने लिहिला जातो. 'मोहम्मद' कधी पूर्ण, कधी चार अक्षरांत, कधी नुसता एम-डी. त्यात आपल्याकडे शेख, सय्यद, खान कधी नावाच्या आधी तर कधी शेवटी. महाराष्ट्रातल्या फॉर्ममध्ये मात्र स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असे तीनच चौकोन. बायकांच्या नावातले बी, बानो, खातून, बेगम यांना यंत्र आडनाव समजते. निकाहनंतर नाव बदलावे असा आपल्याकडे दंडक नाही. तरी कोणी रेशनकार्डावर नवऱ्याचे नाव लावते, शाळेच्या दाखल्यावर बापाचे असते, आणि आधारवर केंद्रातल्या मुलाने जे ऐकले ते असते.

माणसांच्या जगात याने काही बिघडत नव्हते. मस्टरवर मुकादमाने 'सेख' लिहिले तरी पगार शेखलाच मिळत होता. जोडलेल्या यंत्रांच्या जगात 'ए'च्या जागी 'ई' आला की ती दोन वेगळी माणसे.

पीएफचे पाहा. २०१४ मध्ये भविष्यनिर्वाह निधी संघटनेने प्रत्येक सदस्याला एक कायमचा क्रमांक द्यायला सुरुवात केली. त्यालाच यूएएन म्हणतात. ही फार चांगली गोष्ट झाली. त्याआधी नोकरी बदलली की जुने खाते मागेच राहायचे. ठेकेदार बदलला की आणखी एक खाते. अब्बांच्या कित्येक मित्रांचे पैसे असेच कुठेतरी पडून राहिले. यूएएनमुळे आपले पासबुक आपल्या मोबाईलवर दिसते, आणि पगारातून कापलेले पैसे खरोखर भरले गेले का हे कळते. आमच्या गल्लीतल्या एका तरुणाने असेच पासबुक उघडले तर अकरा महिन्यांत एक रुपयाही जमा नव्हता. पगाराच्या चिठ्ठीवर मात्र दर महिन्याला कपात. त्याच्या हातात ते पासबुक नसते तर नोकरी सोडेपर्यंत त्याला पत्ता लागला नसता. त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी मिळून तक्रार केली आणि ठेकेदाराला पैसे भरावे लागले. कागदी मस्टर ठेकेदाराच्या कपाटात असायचे. हे पासबुक कामगाराच्या खिशात असते.

पण पैसे काढायची वेळ आली की आधारवरचे नाव आणि पीएफमधले नाव ताडून पाहिले जाते. इथे आपल्या लोकांच्या चपला झिजतात. बहिणीच्या लग्नासाठी, अम्मीच्या ऑपरेशनसाठी पैसे हवेत, खात्यात ते आहेतही, पण मेसेज येतो की नाव जुळत नाही. दुरुस्तीसाठी मालकाची मंजुरी लागते, आणि मालक म्हणजे तीन वर्षांपूर्वी गाशा गुंडाळून गेलेला ठेकेदार. जानेवारी २०२५ पासून यात एक सवलत झाली आहे, ती वाचकांनी घरातल्या कमावत्या माणसांना जरूर सांगावी. ज्यांचा यूएएन १ ऑक्टोबर २०१७ नंतर निघाला आणि आधारशी पडताळला गेला आहे, त्यांना नाव, जन्मतारीख, आईवडिलांचे नाव अशा बाबी पोर्टलवर स्वतःच दुरुस्त करता येतात. त्याआधीच्यांना मालकामार्फत जावे लागते. आमचा सल्ला विचाराल तर पैशांची गरज पडायची वाट पाहू नये. मुलगा नोकरीला लागला त्याच आठवड्यात आधार, पॅन, बँक आणि पीएफ ही चार नावे शेजारी ठेवून अक्षर अक्षर वाचावीत. लग्नाची खरेदी करताना आपण कापडाचा धागा न् धागा पाहतो, तेवढे लक्ष इथे द्यायला हरकत नाही.

हे सगळे कारखान्याचे झाले. आम्ही शिक्षकही याच जाळ्यात आहोत. महाराष्ट्रात अनुदानित शाळांतील शिक्षकांचा पगार 'शालार्थ' प्रणालीतून निघतो. मान्यता मिळाली, वर्गात शिकवू लागलो, मुले ओळखू लागली, पण शालार्थ आयडी नाही तर सरकारी पगार नाही. वर्षानुवर्षे त्या आयडीची वाट पाहणारे सहकारी आमच्या पाहण्यात आहेत. नागपूर विभागात तर याच्या उलटा प्रकार २०२५ मध्ये बाहेर आला. बनावट कागदपत्रांवर शालार्थ आयडी काढून पगार उचलला गेल्याचे उघडकीस आले, शिक्षण खात्यातल्या अधिकाऱ्यांना अटक झाली, विशेष तपास पथक नेमावे लागले. म्हणजे जे खरोखर फळ्यासमोर उभे होते ते यंत्राला दिसत नव्हते, आणि जे नव्हते ते दिसत होते. हजेरीची यंत्रे खोटे थांबवतात असे सांगितले जाते. थांबवतातही, पण गेटवरच्या कामगाराचे. आतल्या खोलीत ज्याच्याकडे पासवर्ड आहे त्याचे नाही.

आणखी एक गोष्ट आमच्या जिवाला लागलेली आहे. शाळेत किती शिक्षक असावेत हे संचमान्यतेने ठरते, आणि संचमान्यता ३० सप्टेंबरच्या पटावरून होते. गेल्या काही वर्षांपासून त्या पटात मूल धरले जाण्यासाठी त्याचे आधार वैध ठरावे लागते, म्हणजे शाळेच्या नोंदीतले नाव, जन्मतारीख आणि लिंग आधारशी जुळावे लागते. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि ६१ ते ९० मुलांना तीन शिक्षक असे कोष्टक आहे. राज्याने पुढे निकषांत फेरफार केले, पण हिशेबाची रीत तीच. आता समजा, एखाद्या छोट्या उर्दू शाळेत ६२ मुले आहेत. रोज येतात, खिचडी खातात, शुक्रवारी लवकर सुटली की दंगा करतात. त्यांतल्या दोघींच्या नावात एका अक्षराचा फरक आहे. यंत्राच्या हिशेबाने ती शाळा ६० मुलांची झाली आणि तिसरा शिक्षक 'अतिरिक्त' ठरला. मग त्याचे समायोजन, म्हणजे दुसऱ्या शाळेत रवानगी. उर्दू शाळा गल्लोगल्ली नसतात, तेव्हा हे समायोजन पंचवीस-तीस किलोमीटरवर होऊ शकते. नुकसान दोघांचे होते. शिक्षकाचे, आणि ज्यांचा वर्ग दुसऱ्या वर्गात मिसळला त्या मुलांचे.

नोकरी टिकणे ही गोष्ट शिकवण्याच्या गुणावर अवलंबून असावी, निदान मुलांच्या डोकेमोजणीवर तरी. ती 'ज' की 'झ' यावर अवलंबून राहिली आहे. आम्ही स्टाफरूममध्ये यावर हसतो, पण सप्टेंबर जवळ आला की कोणी हसत नाही.

हजेरीबद्दल शिक्षकांमध्ये जो राग आहे त्याचेही थोडे सांगू. उत्तर प्रदेशात जुलै २०२४ मध्ये परिषदीय शाळांच्या शिक्षकांना टॅबवर डिजिटल हजेरी सक्तीची केली, शिक्षकांनी जोरदार विरोध केला आणि आठवड्याभरात सरकारने ते स्थगित केले. बाहेरच्यांना वाटते, मास्तरांना उशिरा जायचे आहे. आमच्या कर्जत लाइनवर राहणाऱ्याने यावर काय बोलावे? २७ जुलै २०१९ ला उल्हास नदी फुगली आणि बदलापूर-वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली, हजाराहून अधिक प्रवासी बोटींतून काढावे लागले. त्या दिवशी कोणत्या यंत्राने कोणाचा लेटमार्क माफ केला असता? मुख्याध्यापकाला फोन करता येतो. यंत्राला कारण सांगायची जागा ठेवलेली नसेल तर कारण असून उपयोग नाही. ही जागा ठेवा, एवढीच आमची मागणी असते.

तरीही पाळतच नको असे बदलापूरचा माणूस म्हणू शकत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये आमच्याच शहरातल्या एका शाळेत चिमुकल्या मुलींवर एका कंत्राटी कर्मचाऱ्याने केलेल्या अत्याचाराचे प्रकरण बाहेर आले. २० ऑगस्टला लोक बदलापूर स्थानकात रुळांवर उतरले आणि दिवसाचा बहुतेक वेळ लोकल बंद राहिल्या. त्या शाळेतल्या कॅमेऱ्यांचा वेळेवर काहीही उपयोग झाला नव्हता. दुसऱ्याच दिवशी शासन निर्णय निघाला. शाळांत सीसीटीव्ही बसवा, त्याचे चित्रीकरण ठरावीक काळाने तपासा, आणि बाहेरून घेतलेल्या, कंत्राटी कर्मचाऱ्यांसह सर्वांची चारित्र्य पडताळणी करा. आम्ही स्वतः मुलीचे पालक आहोत. व्हरांड्यात आमच्यावर कॅमेरा असेल तर असो, ज्याच्या मनात काही नाही त्याचे त्यात काय जाते, असेच तेव्हा वाटले आणि आजही वाटते. पण त्या प्रकरणात उणीव माणूस नेमण्यात होती आणि मुलींचे ऐकून घेण्यात होती. आज शाळांतून कॅमेरे लागले आहेत, मोबाईलवर ते दिसतात. सफाईला नवा माणूस आला तर तो ठेकेदाराने कुठून आणला हे मात्र कोणी विचारत नाही. यंत्र बसवले की विचारण्याचे काम संपले असे सगळ्यांना वाटू लागते, हा धोका आम्हाला जास्त मोठा वाटतो.

यंत्राला नीट उत्तर कसे द्यावे याचा धडा महाराष्ट्रात अंगणवाडीच्या ताईंनी दिला. २०२१ मध्ये केंद्राचे 'पोषण ट्रॅकर' ॲप आले. रोजची सगळी नोंद त्यात भरायची, त्यावर कामाचा हिशेब. ॲप इंग्रजीत, सरकारने दिलेले मोबाईल जुने, तापणारे, बंद पडणारे. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या ताईंनी ते मोबाईल सरकारला परत केले. त्यांची मागणी होती की ॲप मराठीत द्या आणि चालणारा फोन द्या. काम करणार नाही असे कोणी म्हटले नाही. नागपूर, चंदीगड, पंचकुला अशा शहरांत सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळे बांधली गेली, तिथल्या बायकांनी विचारले की साहेबांच्या मनगटावर का नाही? हा प्रश्न आम्हाला फार आवडला.

परदेशांत हेच चालू आहे, फक्त तिथे कोणीतरी दंड करतो. फ्रान्समध्ये ॲमेझॉनच्या गोदाम चालवणाऱ्या कंपनीला तिथल्या माहिती-संरक्षण संस्थेने ३ कोटी २० लाख युरोंचा दंड केल्याचे जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाले, कारण कामगारांच्या हातातल्या स्कॅनरवरून त्यांच्या रिकाम्या मिनिटांचे मोजमाप गरजेपेक्षा जास्त बारकाईने होत होते. भिवंडीच्या एका गोदामात जाणारा आमचा भाचा हे ऐकून म्हणाला, "मामू, आमच्याकडे पाणी प्यायला गेलो तरी स्कॅनर बोंबलतो." आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू व्हायचे आहेत. पण त्यात नोकरीच्या कामासाठी कामगाराची माहिती त्याच्या संमतीशिवाय वापरायची मुभा मालकाला आहे. तेव्हा कायद्याच्या भरवशावर स्वस्थ बसता येईल असे दिसत नाही.

आमच्या शाळेत आम्ही दोन वर्षांपासून एक साधी रीत पाडली आहे. प्रवेशाच्या दिवशी पालकांना बसवून घ्यायचे, चहा द्यायचा, आणि मुलाचे नाव त्यांच्यासमोर उर्दूत, मराठीत आणि इंग्रजीत एका वहीत लिहायचे. आधार बघायचे. फरक असेल तर तिथेच ठरवायचे की शाळेचे बदलायचे की आधारचे. बहुतेक वडील म्हणतात, "तुम्हाला ठीक वाटेल ते लिहा." आया मात्र नेमके सांगतात, कारण रेशनच्या रांगेत त्या उभ्या राहिलेल्या असतात. गेल्या वर्षी या वहीमुळे वीसेक नावे सप्टेंबरच्या आत जुळली.

यंदा अजून पाच राहिली आहेत. दोघांच्या जन्मतारखेचा घोळ आहे, एकाचे नाव आधार केंद्रातल्या मुलाने भलतेच लिहिले आहे, आणि दोघी मुलींना पंधरा वर्षे पूर्ण झाल्यामुळे बोटांचे ठसे नव्याने द्यायचे आहेत. आधार केंद्राची तारीख मिळाली आहे, ती नेमकी त्यांच्यातल्या एकीच्या बहिणीच्या निकाहच्या दुसऱ्या दिवशी. दोघींना बजावून ठेवले आहे की मेंदी फक्त तळहातावर लावा, बोटांची टोके कोरी ठेवा.